रोटाव्हेटरचा पीटीओ शाफ्ट: बिघाड आधी ओळखा, मृगाच्या तोंडावर काम अडू देऊ नका



या आठवड्याचा सल्ला पिकाचा नाही, यंत्राचा आहे. पण त्याचा संबंध थेट पेरणीशी आहे. ७५ ते १०० मिमी पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नका, असं आपण दरवर्षी सांगतो. तेवढा पाऊस झाल्यावर वाफसा मिळतो तो मोजक्या दिवसांचा. नेमक्या त्याच दिवसांत गावातले सगळे रोटाव्हेटर एकदम बाहेर पडतात, आणि त्याच दिवसांत शाफ्टचे क्रॉस तुटतात. मिस्त्रीकडे रांग असते, दुकानात आपल्या मापाचा क्रॉस संपलेला असतो आणि वाफसा निघून जातो.

क्रॉस एका दिवसात तुटत नाही. आधी बरेच दिवस तो आवाज देत असतो, गरम होत असतो, लाल भुकटी टाकत असतो. हे ओळखता आलं तर काही शेकड्यांत काम भागतं. नाही ओळखलं तर खर्च गिअरबॉक्सपर्यंत जातो. म्हणून हा मेसेज सेव्ह करून ठेवा आणि ट्रॅक्टर चालवणाऱ्या मुलाला, ड्रायव्हरलाही पाठवा.

*⚠️ हात लावण्याआधी*

ट्रॅक्टरचा पीटीओ मिनिटाला ५४० फेरे फिरतो, म्हणजे सेकंदाला ९ फेरे. शाफ्टची जाडी अडीच-तीन इंच धरली, तर एका सेकंदात सहा ते सात फूट कापड त्याच्यावर गुंडाळलं जातं. गमछा, धोतराचा सोगा, साडीचा पदर, ओढणी, सैल बाही, मोकळे केस, काहीही अडकलं तर हात मागे घ्यायलासुद्धा वेळ मिळत नाही. म्हणून तपासणी असो की दुरुस्ती, क्रम हाच ठेवा:

१. पीटीओ लिव्हर बंद करा.
२. रोटाव्हेटर जमिनीवर टेकवा.
३. इंजिन बंद, चावी काढून आपल्या खिशात.
४. हँडब्रेक लावा.
५. शाफ्ट पूर्ण थांबल्याचं डोळ्यांनी बघा, मगच जवळ जा.

चालू शाफ्टवरून पाय टाकून पलीकडे जायचं नाही. दोन पावलं जास्त चाला, पण ट्रॅक्टरला वळसा घालूनच जा.

*१) शाफ्टमध्ये असतं काय?*

दोन टोकांना दोन जॉइंट असतात. प्रत्येक जॉइंटमध्ये दोन योक (दोन कानांचे यू आकाराचे तुकडे) आणि त्यांना जोडणारा अधिकच्या चिन्हासारखा क्रॉस. क्रॉसच्या चारही टोकांवर चार कप, आणि कपाच्या आत बारीक सुयांचं बेअरिंग. मधे एकात एक सरकणारे दोन पाईप. वरून प्लास्टिकचं गार्ड. ट्रॅक्टरच्या टोकाला लॉक पिन आणि बऱ्याच रोटाव्हेटरला मशीनच्या टोकाला शिअर बोल्ट.

यातलं प्रत्येकाचं काम वेगळं. क्रॉस कोनात फिरणं सांभाळतो. पाईप लांबी कमी-जास्त करतात. शिअर बोल्ट दगड लागला तर स्वतः तुटून गिअरबॉक्स वाचवतो. गार्ड माणूस वाचवतं.

*२) दहा मिनिटांची तपासणी (इंजिन बंद, लिव्हर न्यूट्रल)*

✅ *क्रॉसची ढिलाई:* एकाच जॉइंटचे दोन्ही योक दोन हातांत धरा. एक डावीकडे, एक उजवीकडे पिळून बघा. मग वर-खाली हलवा. कटकट लागली किंवा डोळ्यांना हालचाल दिसली, तर क्रॉस गेला. एक लक्षात घ्या, पूर्ण शाफ्ट धरून फिरवलात तर गिअरबॉक्सच्या दात्यांची ढिलाईही हाताला लागते आणि गोंधळ होतो. म्हणून एकाच जॉइंटचे दोन बाजूचे योक धरायचे.

✅ *लाल भुकटी:* कपाच्या तोंडाशी गंजासारखी तांबूस पावडर दिसते का? आतल्या सुया ग्रीसविना कोरड्या घासत आहेत, असा त्याचा अर्थ. ढिलाई अजून आली नसली तरी दिवस भरत आलेत.

✅ *सर्कलिप:* चारही कपांचे लॉक आपल्या खाचेत पूर्ण बसलेत का? एक जरी निसटला तर कप बाहेर येतो आणि चालू कामात शाफ्ट सुटतो.

✅ *पाईप:* शाफ्ट काढून दोन्ही पाईप हाताने सरकवून बघा. सहज सरकले पाहिजेत. अडकत असतील तर आत माती, गंज किंवा पीळ बसलाय. सुतळी ताणून पाईपच्या कडेला धरा, वाक असेल तर लगेच दिसतो.

✅ *लॉक पिन:* शाफ्ट पीटीओवर बसवल्यावर पिन खाचेत 'टक' करून बसली पाहिजे. मग शाफ्ट मागे जोरात ओढून बघा. हा एक ओढा रोजचा.

✅ *गार्ड:* शाफ्ट धरून गार्ड हाताने फिरवा. गार्ड मोकळं फिरलं पाहिजे. त्याची साखळी ट्रॅक्टरच्या किंवा मशीनच्या न हलणाऱ्या भागाला बांधलेली असावी, म्हणजे काम चालू असताना गार्ड स्थिर राहतं.

*३) काम चालू असताना शाफ्ट काय सांगतो?*

🔸 *पीटीओ लावताच 'खट' आवाज:* क्रॉस ढिला किंवा योकची आतली खाच झिजलेली.

🔸 *वेग वाढवला की थरथर वाढते:* पाईप वाकला, क्रॉस ढिला, किंवा दोन पाईप चुकीच्या घरात जोडले गेले (मुद्दा ५ वाचा).

🔸 *फक्त उचलल्यावर आवाज, जमिनीत शांत:* कोन जास्त होतोय. उचलायची उंची कमी करा.

🔸 *एक जॉइंट दुसऱ्यापेक्षा जास्त तापतो:* त्या क्रॉसला ग्रीस पोचत नाही. आधी इंजिन बंद करा, शाफ्ट थांबू द्या, मग हात योकजवळ नेऊन ऊब बघा. एकदम पकडू नका, भाजेल.

🔸 *शिअर बोल्ट पुन्हा पुन्हा तुटतो:* मुद्दा ७ वाचा.

🔸 *गिअरबॉक्सच्या पुढच्या सीलमधून तेल:* नुसतं सील बदलून थांबू नका. शाफ्ट लांब पडून आत दाबतोय का, थरथरतोय का, ते बघा. नाहीतर नवीन सीलही जाणार.

*४) क्रॉस बदलणे*

घरी वाइस (शिकंजा) असेल आणि हाताला सवय असेल तर हे काम होतं. नसेल तर मिस्त्रीकडून करून घ्या, पण पुढच्या गोष्टी तो करतोय का, ते जवळ उभं राहून बघा.

*माप:* जुना क्रॉस दुकानात घेऊन जा. दोन मापं लागतात, कपाचा बाहेरचा व्यास आणि समोरासमोरच्या दोन कपांमधली टोक ते टोक लांबी. उदा. २७ × ७४.६ मिमी असं लिहिलेलं असतं. "पंचेचाळीस एचपीच्या ट्रॅक्टरचा द्या" असं सांगून आणलेला क्रॉस बसेलच असं नाही.

*काढणे:* शाफ्ट खाली उतरवा. योकवर आणि पाईपवर खडूने किंवा पंचाने खुणा करा. चारही सर्कलिप पकडीने काढा. योकच्या कानावर हातोडा मारू नका. कान वाकला की नवीन कप सरळ बसत नाही. वाइसमध्ये एका बाजूला लहान सॉकेट, दुसऱ्या बाजूला मोठा सॉकेट ठेवून दाब द्या. कप मोठ्या सॉकेटमध्ये बाहेर येतो.

*बघणे:* योकची भोकं साफ करा. भोक लांबट झालं असेल किंवा नवीन कप बोटाने आत जात असेल, तर योकही बदलावा लागेल. तिथे वेल्डिंगचा टाका मारून कप पक्का करू नका. उष्णतेने कपाचा कडकपणा जातो, आणि पुढच्या वेळी योक कापूनच काढावा लागतो.

*बसवणे:* नवीन कपात सुया ग्रीसमध्ये उभ्या चिकटलेल्या असतात. एक जरी आडवी पडली तर कप पूर्ण आत जात नाही. सर्कलिपची खाच पूर्ण दिसत नसेल तर ठोकू नका, कप काढून सुया बघा. ग्रीस निपल गन लागेल अशा बाजूला ठेवा. हे बसवून झाल्यावर लक्षात आलं तर सगळं परत उघडावं लागतं.

*शेवटी:* जॉइंट दोन्ही दिशांना हाताने वाकवून बघा. घट्ट लागत असेल तर योकवर लाकडी किंवा रबरी हातोड्याने हलका टोला द्या, कप आपल्या जागी सरकतात. मग ग्रीस भरा.

एक कप खराब झाला म्हणून फक्त तेवढाच बदलू नका. क्रॉसच्या टोकांवर सुयांच्या रेघा उमटलेल्या असतात, त्यावर नवीन कप फार दिवस टिकत नाही. पूर्ण किट बदला.

*५) दोन्ही टोकांचे योक एका रेषेत*

दुरुस्तीनंतर "नवीन क्रॉस टाकूनही थरथर गेली नाही" अशी तक्रार येते. त्यामागे बहुतेक वेळा हे कारण असतं. ते नीट समजून घ्या.

साधा जॉइंट कोनात फिरला की त्याचा वेग सारखा राहत नाही. प्रत्येक फेरीत तो दोनदा मंद आणि दोनदा जलद होतो. कोन १० अंश असेल तर ५४० चा वेग ५३२ ते ५४८ मध्ये हलतो. हे काहीच नाही. पण कोन ३० अंश झाला तर तो ४६८ ते ६२४ मध्ये हलतो. म्हणजे सेकंदाला अठरा वेळा झटके. आता हे झटके घालवतं कोण? दुसऱ्या टोकाचा जॉइंट. पहिला जलद करतो तेव्हा दुसरा मंद करतो आणि मशीनला सरळ वेग मिळतो. पण त्यासाठी दोन अटी आहेत:

👉 *मधल्या पाईपच्या दोन्ही टोकांचे योक एकाच रेषेत हवेत.* शाफ्ट जमिनीवर ठेवून एका टोकाकडून बघा. दोन्ही टोकांचे कान एका पातळीत दिसले पाहिजेत. चौकोनी किंवा तिकोनी पाईप चुकीच्या घरातही बसतो. तसा बसला तर झटके एकमेकांना मारण्याऐवजी वाढतात. म्हणूनच काढताना खुणा करायच्या.

👉 *दोन्ही टोकांचे कोन सारखे हवेत.* म्हणजे रोटाव्हेटर काम करत असताना गिअरबॉक्सचा शाफ्ट ट्रॅक्टरच्या पीटीओला समांतर. हे टॉप लिंकने जमतं. रोटाव्हेटर पुढे किंवा मागे कललेला असेल तर एक जॉइंट जास्त वाकतो आणि तोच आधी जातो. नेहमी एकाच टोकाचा क्रॉस जात असेल तर आधी टॉप लिंक बघा.

वळताना रोटाव्हेटर उचलला की कोन वाढतो. २५-३० अंशांपुढे शाफ्ट फिरवू नका. लिफ्टच्या लिव्हरला स्टॉप लावून घ्या, आणि जास्त उचलायचं असेल तर पीटीओ बंद करून उचला. द्राक्ष-डाळिंबात मागे ओढायचा ब्लोअर असेल, तर ओळीच्या टोकाला आखूड वळताना हाच नियम. पीटीओ बंद करा, वळा, सरळ झाल्यावर चालू करा.

*६) लांबी: ना जास्त, ना कमी*

ट्रॅक्टर बदलला किंवा शेजाऱ्याचा शाफ्ट आणला की लांबीचा घोळ होतो.

▪️ *लांब पडला तर:* रोटाव्हेटर वर-खाली होताना पाईप एकमेकांच्या बुडाशी टेकतात आणि पूर्ण दाब ट्रॅक्टरच्या पीटीओ बेअरिंगवर आणि गिअरबॉक्सवर येतो. शाफ्ट सर्वात आखूड होतो त्या स्थितीतही आत इंचभर जागा मोकळी राहिली पाहिजे.

▪️ *आखूड पडला तर:* पाईप एकमेकांत थोडेच राहतात, वाकतात, नाहीतर चालू कामात निसटतात. सर्वात लांब स्थितीतही पाईपच्या लांबीचा निदान एक तृतीयांश भाग एकमेकांत असावा.

लांब पडणारा शाफ्ट कापायचा असेल तर आतला पाईप, बाहेरचा पाईप आणि दोन्ही गार्ड, चारही सारख्याच मापाने कापा. कापलेल्या कडा कानसने घासा, भुसा पूर्ण साफ करा आणि ग्रीस लावूनच जोडा. आखूड पडणाऱ्या पाईपला तुकडा वेल्ड करून लांब करू नका. तोल जातो.

*७) "शिअर बोल्ट सारखा तुटतो, जाड टाकू का?"*

हा प्रश्न दर हंगामात येतो. उत्तर: नाही.

हिशोब बघा. ४० एचपीची ताकद ५४० फेऱ्यांवर शाफ्टमधून जाते, तेव्हा शाफ्टवरचा पीळ म्हणजे एक मीटर लांब पान्याच्या टोकाला ५४ किलो वजन टांगल्यासारखा. हा नेहमीच्या कामाचा. दगड किंवा झाडाचं मूळ अडकलं की क्षणात तो कितीतरी वाढतो. त्या वेळी काहीतरी तुटणारच. बोल्ट तुटला तर किरकोळ खर्च. बोल्ट तुटू दिला नाही तर क्रॉस, योक किंवा गिअरबॉक्सचा दाता तुटतो.

बोल्टच्या डोक्यावर ८.८, १०.९ असे आकडे असतात. आकडा मोठा, बोल्ट कडक. मशीनच्या पुस्तकात लिहिलेल्याच मापाचा आणि ग्रेडचा बोल्ट टाका, चार-सहा जास्तीचे टूलबॉक्समध्ये ठेवा. खिळा, गज, वेल्डिंग रॉड अजिबात नाही.

तरीही सारखा तुटत असेल तर कारणं ही: पहिल्याच फेरीत खोल टाकता, ओल्या काळ्या रानात वाफसा येण्याआधी चालवता, रोटर जमिनीत असताना पीटीओ झटक्यात लावता, पाती झिजलीत किंवा उलटी बसवलीत, बोल्टचं भोक मोठं झालंय. पीटीओ नेहमी रोटाव्हेटर जमिनीपासून थोडा वर असताना, कमी रेसवर लावा आणि मग हळू खाली सोडा. ओल्या रानात रोटाव्हेटर घातला तर शाफ्टही जातो आणि जमिनीचाही चिखल होऊन ढेकळं बसतात. दुहेरी नुकसान.

*८) ग्रीसचं वेळापत्रक*

▪️ दोन्ही क्रॉस: रोज, किंवा ८ तास कामानंतर.
▪️ सरकते पाईप आणि गार्डचे बेअरिंग: निदान दोन दिवसांनी. धुळीच्या कामात रोज.
▪️ पीटीओच्या दात्यांना: शाफ्ट चढवताना दरवेळी हलका हात.

मशीनच्या पुस्तकात वेगळं लिहिलं असेल तर ते धरा. ग्रीस लिथियम बेस, २ नंबर. निपल आधी फडक्याने पुसा, नाहीतर माती आतच ढकलली जाते. चारही कपांच्या तोंडाशी नवीन ग्रीस दिसेपर्यंत गन मारा. तीन कपांतून आलं आणि एकातून नाही, तर तो एक कप कोरडा आहे. जॉइंट थोडा वाकवून परत मारा. तरीही येत नसेल तर क्रॉस उघडा.

काम संपल्यावर शाफ्ट चिखलात टाकू नका. पावसाळ्यात आडोशाला टांगून ठेवा.

*९) पिकअप आणि कारवाल्यांसाठी थोडक्यात*

माल वाहणाऱ्या पिकअपला इंजिन पुढे आणि ओढ मागच्या चाकांना असते. मधला लांब प्रॉपेलर शाफ्टही याच क्रॉसवर चालतो.

▪️ क्लच सोडताना किंवा रिव्हर्समधून पुढे टाकताना खालून 'खट': क्रॉस तपासा.
▪️ ठराविक वेगाला सीटखाली थरथर: क्रॉस, मधल्या बेअरिंगचं रबर, किंवा शाफ्टवरची तोलाची पट्टी निघालीय.
▪️ शाफ्ट उतरवताना फ्लँजवर खुणा करा आणि तसाच परत बसवा.
▪️ *सगळ्यात महत्त्वाचं:* हा शाफ्ट काढल्यावर गाडी गिअरमध्ये असली तरी थांबत नाही, कारण गिअरचा मागच्या चाकांशी संबंधच उरत नाही. शाफ्ट काढण्याआधी हँडब्रेक आणि चारही चाकांना दगडाची ओट. उतारावर हे काम करूच नका.

बहुतेक छोट्या कारला ओढ पुढच्या चाकांना असते. स्टेअरिंग पूर्ण कापून वळताना 'टक-टक-टक' आलं तर एक्सलचा बाहेरचा जॉइंट झिजलाय. त्याआधी बहुतेक वेळा रबरी बूट फाटतो आणि रिमच्या आतल्या बाजूला ग्रीस उडालेलं दिसतं. आवाज यायच्या आत बूट आणि ग्रीस बदललं तर जॉइंट वाचतो. आवाज सुरू झाल्यावर जॉइंटच बदलावा लागतो.

*या आठवड्यात करायचं काम 📝*

१. मुद्दा २ ची तपासणी पूर्ण करा.
२. आपल्या क्रॉसचं माप कागदावर लिहून टूलबॉक्सच्या झाकणाला आतून चिकटवा.
३. एक क्रॉस किट, शिअर बोल्ट, दोन सर्कलिप आणि ग्रीस गन भरून ठेवा.
४. गार्ड फुटलं असेल किंवा काढून टाकलं असेल तर नवीन बसवा. मळणी यंत्र आणि ब्लोअरच्या शाफ्टलाही. तिथे बायामाणसं आणि पोरं जवळ असतात.
५. भाड्याने ट्रॅक्टर बोलावणाऱ्यांनीही रान दाखवायच्या आधी एक नजर शाफ्टवर टाका. गार्ड नसेल तर तसं तोंडावर सांगा. रान आपलं, माणसंही आपलीच.

शाफ्टमध्ये काही शंका वाटली तर याच नंबरवर फोटो पाठवा. फोटो जॉइंटच्या जवळून, माती पुसून आणि *इंजिन बंद करूनच* काढा. आवाजाची शंका असेल तर ट्रॅक्टरच्या बाजूला लांब उभं राहून आवाज रेकॉर्ड करा, शाफ्टजवळ मोबाईल नेऊ नका. क्रॉसचं माप कळवलंत तर किती सभासदांना कोणतं माप लागतं, याची यादी करता येईल आणि एकत्र मागवता येतील का, ते बघू.

पुढच्या मेसेजमध्ये: सोयाबीन बियाण्याची घरच्या घरी उगवण तपासणी.

आपला,
कृषी सल्लागार
आपली शेतकरी उत्पादक कंपनी 🌱